पोट्ट्याचा उलटा चावा आणि बावीस तास

माझं नागपुरात बर्डीवर चष्म्याचं दुकान आहे. वीसेक वर्षं झाली, दिवसभर लोकांचे चेहरे समोरून बघतोय. फ्रेम बसवणाऱ्याला पहिल्याच वर्षी कळतं, की कुणाचाच चेहरा दोन्हीकडून सारखा नसतो. एक कान वर, एक खाली. नाक कुठेतरी कललेलं. म्हणूनच असेल, आमच्या धाकट्याची हनुवटी डावीकडे झुकलेली मला दिसत होती आणि तरी खटकत नव्हती. पोट्ट्याची ठेवणच तशी, असं धरून चाललो होतो.

तो आठ वर्षांचा असताना एका रविवारी दुकानात फ्रेमा घालघालून आरशात बघत होता. नंबर नाही त्याला, नुसती हौस. मी समोर बसलेलो. तोंड उघडं असलं की हनुवटी बरोब्बर नाकाच्या रेषेत, आणि दात मिटले की सर्रकन डावीकडे. हाडच वाकडं असतं तर तोंड उघडल्यावरही वाकडंच दिसलं असतं. म्हणजे घोळ दात मिटण्यात होता.

पुढचं वर्षभर जे केलं, जे चुकलं, ते इथे लिहितोय. घरात सात ते अकरा वर्षांचं मूल असेल आणि कुणी ‘अलाइनर लावा’ (दात सरकवणारे प्लास्टिकचे ट्रे) म्हणालं असेल, तर उपयोगी पडेल. मी दातांचा डॉक्टर नाही. औषधपाणी आणि उपचार तुमच्या डॉक्टरांनी सांगायचे. मी बापाच्या वाट्याला आलेलं काम सांगतो.

आधी घरी बघा

मुलाला खुर्चीत ताठ बसवा, उजेड समोरून हवा. जिभेचं टोक टाळूला मागच्या बाजूला लावायला सांगा आणि तसंच ठेवून दात हळूहळू मिटायला सांगा. पहिला दात कुठे टेकतो ते बघा, आणि टेकल्यावर जबडा बाजूला किंवा पुढे सरकतो का ते बघा. घाई केली तर पोरं थेट सवयीच्या जागी चावतात आणि काही कळत नाही. तीन-चारदा करून घ्या.

मग दोन चमच्यांच्या दांड्यांनी गाल दोन्हीकडे ओढून धरा. स्टीलच्या डब्याचं झाकण आठवा. झाकण चहूबाजूंनी डब्याच्या बाहेर बसतं, तशी वरची बत्तिशी खालच्या बत्तिशीच्या बाहेर बसायला हवी. आमच्याकडे डावीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत होत्या, म्हणजे उलटा चावा. आणि समोर वरचा एक पटाशीचा दात खालच्या दाताच्या मागे गेलेला. त्या खालच्या दाताची हिरडी बाजूच्या दातांपेक्षा खाली उतरली होती, कारण रोज शेकडो वेळा वरचा दात त्याला मागून ढकलत होता. हे मला चमचे धरून दोन मिनिटांत दिसलं. आठ वर्षं त्याला भरवलं, दात घासून दिले, तेव्हा नाही दिसलं.

दुकानातली डोळ्यांचं अंतर मोजायची पट्टी घेऊन आणखी एक मोजलं: वरचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत. दोन-तीन मिलिमीटर साधारण ठीक. सहाच्या वर असेल तर दाखवायला उशीर करू नका. पुढे आलेले दात पडल्या-झडल्यावर पहिले मार खातात. गल्लीतलं क्रिकेट आणि सायकल दोन्ही असतं या वयात. उलट वरच्या दातांनी खालचे पूर्ण झाकले जात असतील, किंवा समोरचे दात मिटूनही मध्ये फट राहून जीभ बाहेर येत असेल, तर तेही टिपून ठेवा. सोबत हेही लिहा: अंगठा चोखतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, घोरतो का, एकाच बाजूने चावतो का. अंगठा आणि जिभेची सवय सुटली नाही तर दात सरळ करून काही उपयोग नाही. ते परत तिथेच जातात.

प्रत्येक फटीला घाबरू नका, हेही सांगायला हवं. आमच्या मोठीला नवव्या वर्षी वरच्या दोन पटाशींमध्ये चांगली फट होती आणि दात पंख्यासारखे फाकलेले. आम्ही बेजार. आठ ते अकरा-बारा वर्षांच्या दरम्यान हे होतंच. वरचे सुळे हाडातून खाली येताना बाजूच्या दातांच्या मुळांना रेटतात, आणि सुळे आले की फट बहुधा आपोआप मिटते. ब्रॉडबेंट नावाच्या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टाने, म्हणजे वाकडे दात आणि जबडे जुळवणाऱ्या डॉक्टराने, १९३७ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं आणि तिला ‘कुरूप बदकाचं पिल्लू’ असं नाव पडलं. मोठीची फट बाराव्या वर्षी गेली. एक रुपया लागला नाही.

डॉक्टर निवडताना

पहिल्यांदा जिथे गेलो तिथे दहा मिनिटांत तोंडाचा स्कॅन झाला, टीव्हीवर दात सरकतानाचा सिनेमा दाखवला आणि हप्त्यांचा कागद हातात. एक्सरे नाही. मी विचारलं, तर ‘लहान मुलांना लागत नाही’ म्हणाले. बाहेर येऊन बायकोला म्हटलं, मी नंबर काढल्याशिवाय कुणाला काच घालून देत नाही, आणि हे हाडाच्या आत काय आहे ते न बघता प्लास्टिक द्यायला निघाले.

आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडात दिसतात तेवढेच दात नसतात, आणखी बरेच हाडात लपलेले असतात. सुळा आडवा आहे का, एखादा पक्का दात जन्मतःच नाही का, एखादा जास्तीचा आहे का, हे ओपीजी नावाच्या एक्सरेतच कळतं. जबड्यांचं आपसातलं नातं बघायला ‘सेफ’, म्हणजे बाजूने काढलेला डोक्याचा एक्सरे लागतो. त्यातच मानेचे मणके दिसतात आणि त्यांच्या आकारावरून डॉक्टर वाढ किती शिल्लक आहे याचा अंदाज बांधतात. म्हणून नियम सोपा: एमडीएस ऑर्थोडॉन्टिस्ट हवा, आणि एक्सरे बघितल्यावरच अलाइनरचं नाव निघायला हवं. घरपोच किट मागवून मुलांचे दात सरळ करायच्या भानगडीत तर पडूच नका.

दुसऱ्यांदा धंतोलीत एका मॅडमकडे गेलो. त्यांनी एक्सरे काढले, आणि ‘आज काही ठरवू नका’ म्हणून परत पाठवलं. मला हे आवडलं. पैशांची ओढाताण असेल तर मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे ऑर्थोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. रांग लागते, वेळ जातो, पण खर्च खासगीच्या मानाने फार कमी, आणि शिकणाऱ्यांच्या मागे शिकवणारे उभे असतात. किमान मत घ्यायला जरूर जा.

कागदावर ‘क्लास टू’, ‘क्लास थ्री’ असं काही लिहिलेलं दिसेल. घाबरू नका, शाळेचा वर्ग नाही तो. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पहिल्या पक्क्या दाढांच्या जुळणीवरून केलेली ही वर्गवारी आजही चालते. एक म्हणजे दाढा जागेवर, दोन म्हणजे खालची दाढ मागे, तीन म्हणजे खालची दाढ पुढे.

विचारायचे प्रश्न मी पावतीच्या मागे लिहून नेले होते. अलाइनर नसेल तर दुसरा उपाय कोणता? यातून काय होणार नाही? ट्रे हरवला तर त्याचे पैसे वेगळे का? मध्येच नवा स्कॅन लागला तर? पक्के दात सगळे आल्यावर परत काही करावं लागेल का? शेवटच्या प्रश्नाला जो डॉक्टर छातीठोकपणे ‘नाही’ म्हणेल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या, ‘लागू शकेल. हा पहिला टप्पा आहे. आता चावा सुरळीत करू, बारीकसारीक नंतर बघू.’

अलाइनरने काय होतं, काय होत नाही

अलाइनर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, एकामागून एक घालायचे. प्रत्येक ट्रे दातांना साधारण पाव मिलिमीटर पुढच्या जागी ढकलतो. इनव्हिजलाइनवाली कंपनी १९९७ साली कॅलिफोर्नियात निघाली, पण दुधाचे आणि पक्के दात एकत्र असलेल्या मुलांसाठी त्यांचा वेगळा संच आला तो २०१८ मध्ये. आता इतर कंपन्यांचेही मिळतात. मुलांच्या ट्रेमध्ये न आलेल्या दातासाठी पोकळ जागा सोडलेली असते. आमच्या पोट्ट्याने ती बघून विचारलं, ‘बाबा, हे कोणाचं घर आहे?’

आमच्यासारख्या केसला अलाइनर चांगला बसतो: वरच्या दातांची कमान थोडी अरुंद, एखादा दात उलटा. मागे गेलेला पटाशीचा दात पुढे काढायला तर प्लास्टिकच्या जाडीची आयतीच मदत होते, कारण वरखालचे दात एकमेकांत अडकत नाहीत आणि दाताला पुढे यायला वाट मोकळी मिळते. पण कमान रुंद करताना अलाइनर मुख्यतः दाढांना बाहेर कलवतो. टाळूच्या मधोमध हाडाची शिवण असते, वयात येईपर्यंत ती घट्ट जुळलेली नसते. टाळू खरोखरच फार अरुंद असेल तर ती शिवण उघडायला स्क्रूवाला एक्सपांडर लागतो, ज्याची चावी घरी फिरवायची असते. मॅडमच्या हिशेबात आम्हाला तीन-साडेतीन मिलिमीटर हवे होते, म्हणून अलाइनर. ‘सहा-सात असते तर मी स्क्रूच लावला असता,’ असं त्या स्पष्ट म्हणाल्या.

माझ्या भाचीचा खालचा जबडा पुढे आहे. बहिणीने आमचं बघून अलाइनरचा हट्ट धरला होता. तिला सातव्या वर्षी फेसमास्क सांगितला, कपाळ आणि हनुवटीवर टेकणारा, रबरांनी वरचा जबडा पुढे ओढणारा. दिसायला विचित्र, पण वरच्या जबड्याला पुढे ओढायचं तर ते लहान वयातच साधतं. खालचा जबडा मागे असेल तर गणित उलटं: वयात येतानाच्या वाढीच्या झपाट्याची वाट बघतात, मुलींना साधारण दहा-बारा, मुलांना बारा-चौदा. मग ट्विन ब्लॉक नावाचं खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण, किंवा तेच काम करणाऱ्या पंखांचे अलाइनर. पुढे आलेल्या दातांवर लवकर उपचार केल्याचा पक्का फायदा एकच दिसून आला आहे, तो म्हणजे दात आपटून तुटण्याचं प्रमाण घटतं. बाकी परिणाम उशिरा एकदाच केलेल्या उपचाराइतकाच. तेव्हा ‘आत्ताच करा नाहीतर गेलं’ असं कुणी म्हणालं तर कशासाठी ते विचारा. आमच्या उलट्या चाव्याला थांबण्यात अर्थ नव्हता, कारण जबडा सरकवून चावत राहिला की हाडही त्याच बाजूला वाढायला लागतं.

सुरुवात सुट्टीत करा

आमच्याकडे विदर्भात शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. आम्ही एप्रिलअखेर पहिला ट्रे घातला, म्हणजे सवय लागायला दोन महिने मिळाले. सव्वीस ट्रे होते, आठवड्याला एक.

पहिल्या दिवशी दातांवर दातांच्याच रंगाची बारीक बटणं चिकटवतात, ट्रेला पकड मिळावी म्हणून. निळ्या दिव्याने ती कडक करतात, त्या दिव्यावर पोट्टा खूश. ट्रे काढायला मात्र त्याला दोन दिवस लागले. युक्ती अशी: दोन्ही हातांच्या बोटांनी आतल्या, म्हणजे जिभेच्या बाजूने, मागच्या दाढेपासून सोडवायचं, आधी एक बाजू, मग दुसरी, आणि मग पुढे आणायचं. समोरून ओढला तर ट्रे चिरतो. बसवताना उलट, समोरून सुरुवात आणि बोटांनी दाबत मागे. दातांनी चावून बसवू देऊ नका. मुलाला हे स्वतःला जमलंच पाहिजे, कारण शाळेत तुम्ही नसता.

दोन दिवस ‘बाबा, दुखून राहिलं’ चाललं. ते दुखणं म्हणजे आवळल्यासारखं. नवा ट्रे नेहमी रात्री झोपताना घालायचा, म्हणजे पहिला जोर झोपेत निघतो. बोलणं बोबडं झालं, ‘सोमवार’ला ‘थोमवार’ म्हणायला लागला. रोज संध्याकाळी वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचायला लावलं, चार दिवसांत जीभ रुळली. आजीने मात्र ते ऐकून माझी शाळा घेतली: ‘कायले त्या लेकराच्या मांगं लागले बाप्पा? आपसूक होते सारं.’

बावीस तासांचा हिशेब

ट्रे दिवसाला बावीस तास तोंडात हवा. वीसच्या खाली गेला की पुढचा ट्रे बसत नाही. उरतात दोन तास. नाश्ता वीस मिनिटं, शाळेचा डबा वीस, संध्याकाळचं खाणं वीस, रात्रीचं जेवण अर्धा तास, घासणं दहा मिनिटं. शंभर मिनिटं इथेच गेली. म्हणजे मध्येच एक बिस्कीट, मध्येच चिवड्याची एक मूठ, याला जागा नाही. हे मुलाला सांगण्याआधी घरातल्या आजीला आणि शेजारच्या काकूंना सांगा.

दुकानात मी रोज बघतो, मुलाचा चष्मा घरी डब्यात, आणि आई विचारते, ‘नंबर काहून वाढला?’ म्हणून ट्रेच्या बाबतीत मी कडक होतो. कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात ट्रे बाहेर होता ती मिनिटं लिहायचो. पोट्ट्यानेच लिहायची, मी नाही. पहिल्या आठवड्यात सगळीकडे शंभर. हुबेहूब शंभर! मग मी टॉर्च घेतला. ट्रे घातल्यावर दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यात पोकळी दिसली तर ट्रे तेवढा वेळ घातलेला नाही. पटाशीवर अर्ध्या मिलिमीटरची चंद्रकोर दिसत होती. ‘किती वेळ काढतो रे?’ ‘झोपल्यावर...’ गादीखाली सापडला. रागावलो नाही. तोच ट्रे आणखी पाच दिवस चालवला आणि दिवसातून दोनदा रबराची मऊ नळी चावायला लावली. ती चावली की ट्रे नीट खाली बसतो. नंतर त्याने चौकोनात एकशे चाळीस, एकशे साठ असे खरे आकडे लिहायला सुरुवात केली.

ट्रेच्या जागा दोनच, तोंड नाहीतर डबी. खिसा नाही, रुमाल नाही, ताटाचा काठ नाही. हा नियम आम्हाला तर्री पोह्याने शिकवला. जुलैमधला रविवार, सकाळी साडेसात, ठेल्यावर गर्दी. पोट्ट्याने ट्रे काढून कागदाच्या तुकड्यात गुंडाळला, पोहे खाल्ले, वर तर्री मागितली, आणि सगळे कागद एकत्र करून ड्रममध्ये टाकले. घरी पोचल्यावर लक्षात आलं. मी परत गेलो. ठेलेवाल्या भाऊने आधी वेड्यासारखं बघितलं, मग स्वतःच ड्रम आडवा केला. तर्रीचं तेल, चण्याचे दाणे, निंबाची सालं, शेकडो कागद. अर्ध्या तासाने एका कागदात ट्रे सापडला, हळदीने पिवळाधम्मक आणि मधून मोडलेला. ‘भाऊ, असं काय होतं त्यात?’ त्याने विचारलं. मी किंमत सांगितली. तो म्हणाला, ‘पोह्याच्या किती प्लेटा झाल्या माहीत आहे का?’

यातून शिकलेली कामाची गोष्ट: आधीचा ट्रे फेकू नका. तारीख लिहून ठेवा. ट्रे हरवला-मोडला की लगेच आधीचा घाला, म्हणजे दात मागे सरकत नाहीत, आणि मग डॉक्टरांना फोन करा. चालू ट्रेचे एक-दोनच दिवस राहिले असतील तर त्या थेट पुढचा घालायला सांगू शकतात. आम्हाला तसंच सांगितलं. डबी भडक रंगाची घ्या. आमची संत्र्याच्या रंगाची आहे, आणि ती शाळेच्या ओळखपत्राच्या फितीला बांधलेली असते. वर्गशिक्षिकेलाही आधीच कल्पना द्या, नाहीतर ‘तोंडात काय आहे, काढ’ होतं.

सणावाराचं आधीच ठरवावं लागतं. तान्हा पोळ्याला लाकडी नंदी घेऊन पोरं घरोघरी जातात, बोजारा (खाऊ-पैसे) गोळा करतात, आणि प्रत्येक घरी एक चॉकलेट. प्रत्येक चॉकलेटला ट्रे काढायचा तर संध्याकाळ संपली. आम्ही करार केला: बोजारा सगळा पिशवीत, घरी आल्यावर एका बैठकीत हवं तेवढं खा, मग दात घास. त्याने अकरा चॉकलेटं खाल्ली. मी मोजली, बोललो नाही.

ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी. पन्हं, उसाचा रस, संत्र्याचा रस, कोल्ड्रिंक काही नाही. गोड-आंबट पाणी ट्रे आणि दाताच्या मध्ये अडकून बसतं, लाळ तिथे पोचत नाही, आणि दात किडायला वेळ लागत नाही. संत्रं खायचं तर ट्रे काढून, मग खळखळून चूळ भरून. शाळेत डबा खाल्ल्यावर ब्रश शक्य नसेल तर दोनदा चूळ पुरते, घरी आल्यावर नीट घासायचं. रात्री फ्लोराइडच्या पेस्टने घासल्याशिवाय ट्रे नाही, यात मात्र सूट देऊ नका. भुट्टा दाढेवर धरून चावल्यावर एक बटण निघालं होतं. ट्रे तसाच चालू ठेवला, पुढच्या भेटीत परत चिकटवून घेतलं. भुट्ट्याचे दाणे सोडवून द्या, एवढंच.

नागपूरचा उन्हाळा

हे कुठल्या माहितीपत्रकात मिळालं नाही, म्हणून सांगतो. मे महिन्यात एका लग्नाला गेलो. जेवताना डबी हातात नको म्हणून मी गाडीच्या डिक्कीत ठेवली, गाडी उन्हात. आपल्याकडे पंचेचाळीस अंश म्हणजे नवल नाही, आणि बंद डिक्की खालून इंजिनानेही तापते. दोन तासांनी ट्रे काढला, तर मागच्या कडा बाहेर फाकलेल्या. तोंडात बसेना, दाबला तर टुणकन उडायचा. मला ते बघताक्षणी कळलं, कारण ॲसिटेटच्या फ्रेमा मी रोज हीटरवर गरम करूनच वाकवतो. तेच केलं होतं नागपूरच्या उन्हाने. क्षणभर वाटलं, दुकानात नेऊन परत आकारात आणू. हात आवरला. फ्रेम कानामागे एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर चालते. ट्रेचं सगळं काम पाव मिलिमीटरचं.

म्हणून डबी गाडीत, डिक्कीत, खिडकीत नको. धुताना गरम पाणी नको. हिवाळ्यात गिझरच्या पाण्याखाली धरायचा मोह होतो, तोही नको. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस. पेस्टने घासला तर ओरखडे पडून धुरकट दिसतो. मी हौसेने दुकानातल्या चष्मे धुवायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये साधं पाणी भरून ट्रे टाकून बघितला, चकाचक निघाला. मॅडमना अभिमानाने सांगितलं. ‘छान. पण ब्रश त्यालाच करू द्या,’ म्हणाल्या. कड जिभेला टोचत असेल तर नेलफाइलने अगदी हलकं घासता येतं. मी कानसबाज माणूस, तरी आधी फोन करून विचारलंच.

हलणारे दात आणि नवे दात

मोठ्यांच्या आणि मुलांच्या उपचारात खरा फरक इथे आहे: तोंड स्थिर नसतं. अठराव्या ट्रेच्या वेळी दुधाची दाढ हलायला लागली, आणि एका रात्री ट्रे काढताना ती ट्रेमध्येच आली. रक्त बघून घाबरला, पण ट्रे परत घालता येतो. तसंच केलं, आणि सकाळी मॅडमना फोटो पाठवला. नवा दात येताना ट्रेला खालून टेकतोय का, ट्रे वर उचलला जातोय का, हे दर आठवड्याला टॉर्चने बघा. टेकत असेल तर लगेच कळवा, पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. मुलाला ताप-उलटी होऊन चार-पाच दिवस ट्रे बाहेर राहिला तरी नव्या ट्रेवर उडी न मारता जुन्यावर परत या.

पंधराव्या-सोळाव्या ट्रेला उलटा दात सुलटा झाला. एका सकाळी तोच आरशापुढे ओरडला, ‘बाबा, तो बाहेर आला!’ दाढांना जास्त वेळ लागला. सव्वीस संपले तेव्हा मागची एक दाढ टोकाला टोक होती. परत स्कॅन, परत नऊ ट्रे. मला जरा राग आला होता, सव्वीस म्हणजे सव्वीस असं डोक्यात बसलेलं. पण गादीखालचे तास आणि तर्रीतला ट्रे यांचा हिशेब माझ्याच कालनिर्णयवर लिहिलेला होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

जानेवारीच्या मध्यात शेवटचा ट्रे निघाला. आता दात परत सरकू नयेत म्हणून रात्रीपुरता रिटेनर आहे. बाकी पक्के दात यायचेत. वरचे सुळे ओपीजीत अजून नाकाजवळ दिसतात. दर सहा महिन्यांनी दाखवायचं, आणि बाराच्या सुमारास तारा लागतील की नाही ते तेव्हा ठरेल. परवा रविवारी तो परत दुकानात आला होता. फ्रेम घालून खुर्चीत बसवला, जीभ टाळूला लाव म्हटलं, दात मिट म्हटलं. हनुवटी जागची हलली नाही. मी पट्टी काढून मोजायला लागलो, तर तो वैतागून म्हणाला, ‘बाबा, गिऱ्हाईक आलं आहे.’